चोळीबांगडीच्या रानातला घाणा

लग्नात वडिलांनी मला चोळीबांगडीसाठी म्हणून रानाचा एक तुकडा लिहून दिला होता. चकलांब्याच्या शिवारात, गावापासून हाकेच्या अंतरावर, गाडीवाटेला लागून. मी नांदायला गेले दिंद्रुडला, आणि रान राहिलं माहेरी. ते माझा थोरला भाऊ कसायचा. सुगी झाली की माझ्या वाट्याची ज्वारी आणि करडई गाडीत घालून तो स्वतः दिंद्रुडला यायचा. वहिनीनं बांधून दिलेला चोळीचा खण पोत्यांवर ठेवलेला असायचा. त्यानं कधी पायलीभर धान्यही कमी आणलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढं त्याच्यात आणि आमच्यात जे झालं, त्यात तो काही लबाड नव्हता.

आमची दोन्ही घरं लिंगायतांची, पिढीजात तेल गाळणारी. माहेरी मात्र वडिलांनीच तो धंदा सोडला होता. त्यांनी घाणा विकला, माळाला लागून असलेलं रान घेतलं, दगडं वेचून बांध घातले आणि शेतकरी झाले. सासरी घाणा चालू होता. पुढच्या पडवीत लाकडी घाणा, त्याला जुंपलेला एक बैल, आणि सगळ्या घराला करडईचा वास. सासरे गेल्यावर तिघं भाऊ वेगळे झाले. घर थोरल्या दोघांकडं गेलं. माझे मालक सगळ्यांत धाकटे, त्यांच्या वाट्याला घाणा आणि बैल आला. घाणा ठेवायचा कुठं, हे वाटणी करणाऱ्या पंचांपैकी कुणीच बोललं नाही. थोरले दीर म्हणाले, पडवीत राहू दे तूर्त. तूर्त म्हणजे किती, ते आम्हाला त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

मीच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, की चकलांब्यात आता एकही घाणा उरला नाही, लोक करडई गाड्यांत भरून गेवराईला नेतात. ते त्यांच्या डोक्यात राहिलं. एका दुपारी मी सुपात तीळ पाखडत होते. ते जवळ येऊन बसले.

"तुझं रान वाटंला हाय ना?"

"हाय की. कावून?"

"तिथं घाणा घातला तर?"

मी सूप खाली ठेवलं. "माझ्या माहेरात? लोक तुमाला घरजावई म्हणतील."

"म्हणू देत. इथं भावाच्या पडवीत बसलोय, तवा काय म्हणत्यात ते मला ठावं हाय."

मी सूप पुन्हा हातात घेतलं. मनातून बरंही वाटलं, हे खोटं कशाला बोलू? माहेरच्या वाऱ्यात राहायला मिळणार होतं. दादाला काय वाटेल, हा विचार मी तेव्हा केलाच नाही. तो आनंदानं हो म्हणेल असंच मी धरून चालले होते.

आम्ही लहान मुलीला घेऊन चकलांब्याला गेलो, तेव्हा दादा नुकताच रानातून आला होता. मालकांनी हातपाय धुवायच्या आधीच विषय काढला. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "दाजी, तुमी चार वर्सं इथं ऱ्हावा, माज्या घरात ऱ्हावा. माझी ना न्हाई. पर त्या रानात घाणा न्हाई."

"कावून?" मी विचारलं.

"आपल्या बापानं घाणा सोडून नांगर धरला, बाई. काय म्हनायचा तो? दिवसभर बैलामागं चालायचं अन् पोचायचं कुठंच न्हाई. ते सोडायला त्यानं जिवाचं रान केलं. अन् तू त्याच जिमिनीत परत घाणा आनतीस?"

मालक शांतपणे म्हणाले, "मला कुठं पोचायचं हाय, पाव्हणं? तेल निघालं म्हंजे झालं."

दादाला ते उद्धट वाटलं असावं. तो उठून गोठ्यात गेला. वहिनीनं आम्हाला जेवायला वाढलं, पण दादा त्या दिवशी आमच्या पंगतीला बसला नाही.

दुसऱ्या दिवशी मालक पटवाऱ्याकडं गेले. पटवारी म्हातारा आणि बोलका होता. त्यानं सांगितलं, की रान जिराइत आहे, सरकारनं त्यावर पिकाचा सारा बसवला आहे. त्यात घाणा, दुकान, गोदाम काही घालायचं तर आधी ती जमीन गैरजिराइत, म्हणजे बिनशेतीची, करून घ्यावी लागेल. दरख्वास्त गेवराईच्या तहसिलीत द्यायची, तिथून कागद बीडला जाणार, आणि मंजुरी बीडहून येणार. "अन् एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "दरख्वास्त तुमच्या नावानं चालणार न्हाई. रान बाईच्या नावावर हाय. बाईचा अंगठा लागंल, अन् तहसीलदारानं बोलावलं तर बाईला जावं लागंल."

मालकांनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा वहिनी दळत होती. तिचा हात जात्यावरच थांबला. आमच्या घरातली कुठली बाई कचेरीची पायरी चढली नव्हती.

कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, म्हणून दरख्वास्त उर्दूत लिहिली गेली. मी तिच्यावर अंगठा उठवला. त्यात सबंध रानाचा उल्लेख होता, कारण मालकांच्या मनात मोठा बेत होता. घाणा, शेजारी राहायची खोली, पेंड ठेवायला कोठार, आलेल्या गाड्या सोडायला जागा. मी अंगठा दिला तेव्हा ते सगळं माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि छान वाटलं. त्यानंतर चारेक दिवसांनी कळलं, की दादानंही तहसिलीत जाऊन आपला उजर, म्हणजे हरकत, नोंदवला आहे. त्याचं म्हणणं असं, की बापानं हे रान बहिणीला धान्यासाठी दिलं, धंद्यासाठी नाही, आणि तेल मुरलेली जमीन पुन्हा पिकाला येत नाही. त्यानं हे चोरून केलं नाही. परत आल्यावर अंगणात उभं राहून मला म्हणाला, "उजर दिलाय, बाई. तुज्या पाठीमागं काही केलं न्हाई मी."

"सांगितलंस ते बरं केलंस," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसांत आम्ही माहेरीच होतो. एकाच घरात दोन पक्ष, आणि चूल एक. वहिनीनं कुणाचीच बाजू घेतली नाही. भाकरी सगळ्यांना सारखी वाढायची. गावात मालकांना पारावर टोमणे बसायचे. एकजण म्हणाला, "घाणा अजून दिंद्रुडात, पर बैल आला म्हनायचा." मालक हसले आणि त्याच्याच शेजारी जाऊन बसले. मला हे दुसऱ्याकडून कळलं. त्यांनी घरी येऊन काहीच सांगितलं नव्हतं.

तहसिलीतून बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी वहिनी तिसऱ्या प्रहरी रानात भाजी खुडायला निघाली, तर मीही तिच्याबरोबर गेले. लग्नानंतर मी ते रान धड चालून पाहिलंच नव्हतं. माहेरी यायचं म्हणजे चार दिवस, त्यात रानात कोण जातं? करडई गुडघ्याच्या वर आलेली होती, काट्यांनी लुगडं ओढत होती. खालची जमीन काळी, ओल धरून असलेली. पाय ठेवला की मऊ लागायची. वडिलांनी घातलेला बांध अजून जसाच्या तसा होता. चालत चालत आम्ही गाडीवाटेच्या कडेला आलो, तसे पायाला खडे लागायला लागले. तिथं मुरूम वर आलेला, करडईची झाडं वीतभर, मधे मधे नुसतीच कुसळं.

"हितं काय येतच न्हाई," वहिनी म्हणाली. "मामंजींनी लई खटपट केली. गाळ टाकला, खत टाकलं. तिफन नुसती उड्या मारती हितं. तुमचे दादा सवयीनं पेरत्यात."

मी बराच वेळ तिथं उभी राहिले. वहिनीची भाजी खुडून झाली, पदराचा ओटा भरला. मग आम्ही परत निघालो. खरं म्हणजे माझ्या मनात काही ठरलं होतं असंही नाही. एवढंच कळत होतं, की मी ज्या रानासाठी अंगठा दिला होता, ते रान मला ठाऊकच नव्हतं.

मुलीला वहिनीकडं ठेवून आम्ही गेवराईला एकाच गाडीतून गेलो. गाडी दादाची, हाकणाराही दादाच. मालक पुढं त्याच्या शेजारी बसले होते, मी मागं. कचेरीच्या ओट्यावर खूप माणसं खोळंबली होती. बायकांत मी एकटीच, म्हणून एका शिपायानं मला खांबाआड सावलीला बसायला सांगितलं. आमचं नाव पुकारलं. पदर पुढं ओढून मी आत गेले.

तहसीलदार मध्यम वयाचे, मुसलमान, अंगात काळी शेरवाणी. ते उर्दूत बोलत आणि बाजूला बसलेला त्यांचा कारकून, म्हणजे पेशकार, आम्हाला मराठीत सांगे. त्यांनी दरख्वास्त वाचली, उजर वाचला. मग मालकांना आणि दादाला दोघांनाही बाहेर जाऊन थांबायला सांगितलं. दोघं एकमेकांकडं बघत बाहेर गेले. मग तहसीलदारांनी माझ्याकडं न बघता, कागदाकडं बघत विचारलं, "मर्जी किसकी है, ये पूछो."

पेशकार म्हणाला, "बाई, रान तुमचं हाय. त्यात घाणा घालायचा, ही मर्जी कुणाची? तुमची, का मालकांची? भिऊ नका, काय असंल ते सांगा."

मर्जी कुणाची हे मला तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. मालकांनी विचारलं होतं, घातला तर? दादानं विचारलं होतं, आणतीस? मला एकदम वडील आठवले, लग्नात रानाचा कागद माझ्या हातात देणारे. घाणा पुन्हा आला याचं त्यांना दुःख झालं असतं, का लेक जवळ आली याचा आनंद झाला असता, ते काही मला सांगता आलं नसतं. आजही येत नाही.

"घाणा घालायची मर्जी माझी बी हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून पुन्हा बोलले. "माझी बी हाय. पर सगळ्या रानात न्हाई. वाटंकडची कड खडकाळ हाय, तिथं काय पिकत न्हाई. तेवढीच द्या. काळं रान पेरायचंच ऱ्हाऊ द्या."

पेशकारानं ते उर्दूत सांगितलं. तहसीलदारांनी पहिल्यांदा मान वर केली. "तो फिर झगडा किस बात का?" ते म्हणाले, आणि पेशकार हसला. त्यांनी काहीतरी लिहायला सांगितलं. मग दोघांना आत बोलावून पेशकारानं हुकूम सांगितला. पटवाऱ्यानं आणि त्याच्यावरच्या गिरदावरानं जागेवर जावं, बाईनं सांगितलेली कड मोजून वेगळी काढावी, बाकीचं रान जिराइतच राहील. तेवढ्या तुकड्याचा कागद मंजुरीसाठी बीडला जाईल.

परतीच्या वाटेवर दादा पुढं एकटाच बसला होता. दादाचा चेहरा मला पाठीमागून दिसत नव्हता. मालक आता माझ्याशेजारी मागं येऊन बसले होते. बैलांना पाणी पाजायला दादा ओढ्यात उतरला, तेव्हा ते म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस."

"मलाच आधी ठावं नव्हतं."

"तेवढ्याशा जागंत गाड्या कुठं सोडायच्या?"

"वाटंच्या पल्याड माळच हाय."

त्यांना वाईट वाटलं होतं, ते मला दिसत होतं. त्यांनी मनात बांधलेलं कोठार, खोली, सगळं मी एका वाक्यात मोडलं होतं. पण ते रागावले नाहीत. ओढ्याकडं बघत म्हणाले, "खोली घाण्याच्या मागं निघंल. कोठाराचं बघू." मला रडू आलं, ते मी पदरात दडवलं.

दादाचा राग मात्र एवढ्यानं गेला नाही. मोजणीच्या दिवशी गिरदावर घोड्यावरून आला, पटवाऱ्यानं साखळी आणली, गावातली पाचसात माणसं बघायला जमली. दादा घरीच बसून राहिला. मोजणी सुरू झाली. पटवाऱ्यानं साखळी धरली, ती सरळ रेषेत जाताना वडिलांच्या बांधाचा एक कोपरा आमच्या बाजूला येत होता. मी पुरुषांत जाऊन बोलू शकत नव्हते. वहिनीला म्हणाले, दादाला बोलवा. ती गेली, आणि काय सांगितलं कुणास ठाऊक, दादा आला. त्यानं बांधाची टोकं दाखवली. गिरदावरानं मालकांकडं पाहिलं. "बांध त्यांच्याकडंच जाऊ द्या," मालक म्हणाले, "मला मुरूम चालतो." रेषा तिरपी झाली आणि आमची जागा आणखी थोडी कमी झाली. हद्दीचे दगड रोवायची वेळ आली, तेव्हा दादानं पहार हातात घेतली आणि खड्डे त्यानंच खणले. हा त्याचा होकार होता, असं मी तेव्हा समजले नाही. मला वाटलं, आमच्याकडून एक वीतही पुढं सरकू नये म्हणून तो स्वतः दगड रोवतो आहे. दोन्ही असेल.

बीडहून मंजुरी यायला फार वेळ लागला. आम्ही दिंद्रुडला परतलो. पडवीत घाणा चालू होता, पण दिरांच्या घरातले आता विचारायला लागले होते, की तुमच्या सरकारी कागदाचं काय झालं. मालक अधूनमधून बाजाराच्या निमित्तानं कुणाकडून तरी गेवराईला निरोप धाडायचे. निरोप परत यायचा, की कागद अजून बीडलाच आहे. पेरण्या झाल्या, पावसाळा सरला. शेवटी एक दिवस दारात गाडी थांबली. बघते तर दादा. सुगी अजून लांब होती, गाडीत पोती नव्हती.

"आली मंजुरी," तो दारातच म्हणाला. "पटवाऱ्यानं वाचून दाखवली. घाणा गाडीत घालायला माणसं हायत का?"

मालक आतून आले. दोघांनी एकमेकांना शरणार्थ म्हणत हात जोडले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तो कुणाला आधी द्यावा ते मला कळेना.

तो लाकडी घाणा म्हणजे एका सबंध झाडाचं खोड. तो गाडीत चढवायला अर्धी गल्ली लागली. थोरले दीरही आले आणि खांदा लावला. पडवी रिकामी झाल्यावर थोरल्या जाऊबाईंनी माझी ओटी भरली. त्या रडल्या, मीही रडले. एका घरात राहून जे कधी बोललो नव्हतो, ते तेव्हाही बोललो नाही. वाटेत सिंदफणेच्या पात्रात चाक वाळूत रुतलं, बैलांनी मान टाकली, आणि दादा व मालक दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गाडी रेटत होते. मी काठावर मुलीला कडेवर घेऊन उभी होते. दादा मालकांवर ओरडत होता, "तिकडून न्हाई, दाजी, हिकडून लावा खांदा," आणि मालक निमूट तसं करत होते. गेल्या वर्षभरात दोघं एवढं कधीच एकमेकांशी बोलले नव्हते.

चकलांब्यात मुरमावर खड्डा खणणं सोपं नव्हतं, पण एकदा घाणा रोवला तो हलला नाही. वर छप्पर घातलं, मागं खोली काढली. आमच्या घराण्याच्या स्वामींनी येऊन घाण्याला विभूती लावली. पहिली करडई कुणाची घालायची, यावर मालक अडून बसले. त्यांना वाटायचं, ती दादाची असावी. दादा म्हणाला, "ज्याची असंल त्याची घाला. मला कामं हायत." मग वहिनीच सूपभर करडई घेऊन आली, माझ्याच काळ्या रानातली. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधली, आणि लाकूड करकरायला लागलं.

दादानं पहिलं वर्ष आमच्या घाण्याचं तेल घरात येऊ दिलं नाही. तो गेवराईहून आणायचा. वहिनी त्याच्यासाठी ते तेल वेगळ्या बुधल्यात ठेवायची आणि उरलेल्यांची भाजी आमच्या तेलात करायची. त्याला हे कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. पुढं कधीतरी गेवराईचा बुधला दिसेनासा झाला, आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

आसपासच्या वाड्यांवरून लोक यायला लागले. पलीकडच्या माळावर गाड्या सुटायच्या, बाया तिळाची गाठोडी मांडीवर घेऊन माझ्या खोलीच्या दारात बसायच्या, आपापल्या सासरच्या गोष्टी सांगायच्या. कोठार काही झालं नाही. पेंड आम्ही खोलीतच रचायचो आणि सगळे त्या वासात झोपायचो. काळं रान दादा कसत राहिला. माझ्या वाट्याचं धान्य आणायला त्याला आता गाडी लागत नव्हती, खांद्यावर पोतं टाकून तो बांध ओलांडून यायचा. पोतं ठेवलं की थोडा वेळ घाण्याजवळ बसायचा. मालक बैलामागं चालत असायचे, दादा बसल्या बसल्या त्यांच्याशी कडब्याबद्दल, बैलाच्या खुरांबद्दल बोलायचा. मालक फेरी घेऊन समोर आले की उत्तर द्यायचे, पाठमोरे झाले की दादा थांबायचा, आणि पुन्हा समोर आले की पुढचं विचारायचा. मी आत भाकऱ्या थापत असायचे. दोघांचं बोलणं असं तुटक तुटक माझ्या कानावर यायचं, आणि मला ते कधी संपू नये असं वाटायचं.